मालगुंडचे मास्तर आणि त्यांची तुतारी

रत्नागिरीहून आरे-वारेच्या समुद्राकडेने गणपतीपुळ्याला आलात की तिथून मालगुंड अगदी जवळ आहे. पुळ्याची गर्दी मागे पडते, रस्त्यावर आंबा-फणसाची सावली येते आणि गाव सुरू होतं. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ सालचा. त्यांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलं आहे. १९९० मध्ये रत्नागिरीला मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं. पुढे कर्णिकांच्याच पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने हे स्मारक उभं केलं आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कौलारू घर, जुन्या वळणाच्या खोल्या, त्या काळच्या वापरातल्या वस्तू आणि शेजारी आधुनिक मराठी कवितेचं दालन. कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत. पण एका कवीसाठी राखलेली फार थोडी.

मी गेलो त्या दिवशी एका शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीची मुलं असावीत. बाईंनी त्यांना 'तुतारी' कवितेबद्दल सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ते खरंच तुतारी वाजवायचे का?"

मुलं हसली. बाईही हसल्या. म्हणाल्या, "नाही रे, ते शाळेत मास्तर होते."

मुलगा गप्प झाला. त्याचा थोडा विरस झालेला दिसला. पुढे सगळी मुलं समुद्राकडे गेली. पण त्याचा प्रश्न माझ्याबरोबर राहिला, कारण मला तो पोरकट वाटला नाही. सगळ्या लेखकांना विचारण्यासारखा तो प्रश्न आहे. तुम्ही कागदावर जे फुंकता, ते घरी वाजवता का?

आधी केशवसुतांची गोष्ट थोडक्यात सांगतो.

खरं नाव कृष्णाजी केशव दामले. वडील शाळामास्तर. घरात मुलं बरीच, पैसा बेताचा. शिक्षण एका जागी झालंच नाही. कोकणातून बडोदा, वर्धा, नागपूर असं फिरत फिरत ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पोहोचले आणि मॅट्रिक झाले १८८९ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे मुंबईत शिक्षकाच्या नोकऱ्या. मुंबईत प्लेग आल्यावर खानदेशात भडगाव, फैजपूर. १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कूलमध्ये मराठीचे शिक्षक. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने मृत्यू. वय चाळीसही नव्हतं. हयातीत कवितांचं एकही पुस्तक निघालं नाही. सुमारे १३५ कविता मागे राहिल्या. त्या एकत्र करून पुस्तक काढलं ते 'करमणूक'कार हरिभाऊ आपट्यांनी, कवीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी.

आता या माणसाने लिहिलं काय ते पाहा. १८८८ मध्ये 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न', म्हणजे अस्पृश्य मुलाच्या वाट्याला आलेला तिरस्कार आणि त्याने आपल्या आईला विचारलेला प्रश्न. १८८९ मध्ये 'मजुरावर उपासमारीची पाळी'. कामगार हा शब्दही मराठी कवितेला नवा होता तेव्हाची ही गोष्ट. १८९३ मध्ये 'तुतारी'. ती जुन्या रूढींवर तुटून पडायला सांगते, झोपलेल्यांना हाका मारते. १८९८ मध्ये 'नवा शिपाई'. त्यातला शिपाई आपली जात, धर्म, पंथ ही सारी ओळख खाली ठेवतो आणि जग हेच घर मानतो. १९०१ मध्ये 'आम्ही कोण?'. तिथे तर कवी म्हणजे जगाला अर्थ देणारा, असा दावा आहे.

आणि ज्यांनी त्यांना पाहिलं ते काय सांगतात? संकोची, अबोल, एकलकोंडा माणूस. सभा-संमेलनांत न रमणारा, प्रसिद्धीपासून लांब राहणारा. शाळेत असताना एका शिक्षकाने त्यांच्या दुर्मुखलेल्या चेहऱ्यावरून त्यांना बोल लावला. त्याला तोंडावर उत्तर देणं या मुलाला जमलं नाही. त्याने 'दुर्मुखलेला' नावाची कविता लिहिली. याच सुकलेल्या तोंडातून उद्या काय निघेल ते तुम्हाला कळायचं आहे, असा तिचा आशय. मला ही कविता केशवसुतांची किल्ली वाटते. तोंड उघडलं नाही, पण कागद उघडला. पुढे आयुष्यभर ते असंच चाललं.

टोपणनावही बघा. 'केशवसुत' म्हणजे केशवाचा मुलगा. त्यात स्वतःचं नावच नाही. वडिलांच्या नावाआड उभं राहून हा माणूस समाजाला हाका मारत होता. बापाच्या नावाचा आडोसा घेऊन बापाच्या पिढीच्या रूढींवर हल्ला!

इथे दोन तयार उत्तरं समोर येतात. एक म्हणतं, हा ढोंगीपणा झाला. लिहायचं शिपायाचं आणि जगायचं मास्तराचं. दुसरं म्हणतं, लेखन आणि लेखक वेगळे असतात, कविता वाचा, कवीच्या घरात डोकावू नका. मला ही दोन्ही उत्तरं पुरी वाटत नाहीत.

पहिलं उत्तर आपल्या मुस्लिम वाचकांच्या फार ओळखीचं आहे. कुरआनात एका सूऱ्याचं नावच 'अश-शुअरा', म्हणजे कवी. त्याच्या शेवटी कवींवर ठपका आहे. ते प्रत्येक दरीत भटकतात आणि जे करत नाहीत ते बोलतात, असा त्याचा मतलब. लहानपणी मक्तबमध्ये हे ऐकलं तेव्हा वाटलं होतं, बरं झालं आपण कवी नाही. पण त्याच्या पुढच्याच आयतीत अपवाद आहे. ईमान राखणारे, नेक काम करणारे, अल्लाहची आठवण ठेवणारे आणि जुलूम झाल्यावर त्याला उत्तर देणारे कवी त्या ठपक्यातून वगळले आहेत. आणि कवी नसलेल्यांनीही खूश व्हायचं कारण नाही. 'अस-सफ' या सूऱ्यात हाच सवाल सरळ ईमानवाल्यांना केला आहे, की जे करत नाही ते का बोलता? म्हणजे मिंबरवरचा मौलवी, मंचावरचा पुढारी, व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी नीतीचे संदेश पाठवणारे आपण, सारे त्या सवालाच्या टप्प्यात येतो. कवी बिचारा निदान उघड तरी सापडतो.

दुसरं उत्तर उर्दू वाचणाऱ्यांना जास्त ओळखीचं. उर्दू शायरीत शायर आणि माणूस यांच्यात अंतर असतं हे गृहीतच असतं. त्यासाठी तखल्लुस असतो. गझलच्या मक्त्यात शायर स्वतःलाच नावाने हाक मारतो, जणू शेजारी कुणी दुसराच बसला आहे. आपल्या अभंगातल्या नाममुद्रेसारखंच ते. रियाज खैराबादी यांनी मद्यावर इतकी शायरी लिहिली की त्यांची ओळखच ती झाली. आणि ख्याती अशी, की त्यांनी स्वतः ती कधी चाखली नाही. म्हणजे कागदावर रिंद आणि घरी परहेजगार. गालिबचं उलट. शेरांत कुणापुढे मान न झुकवणारा हा माणूस १८२८ मध्ये घराण्याच्या पेन्शनसाठी थेट कोलकात्याला जाऊन इंग्रजांच्या कचेऱ्यांत अर्ज करत होता. त्याला आपण ढोंगी म्हणत नाही. पोट सगळ्यांना असतं.

म्हणजे अंतर असणं हा काही गुन्हा नाही. मग हिशोब कशाचा करायचा?

केशवसुतांच्या काळात बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं नव्हती असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, तेव्हा केशवसुत दोन वर्षांचे होते. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ मध्ये सुरू झाला आणि आगरकरांनी त्यासाठी पुण्याचा रोष पत्करला. दामले मास्तरांनी असं काही उघड केल्याची नोंद नाही. मात्र त्यांची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. थोड्या पगाराची, आज इथली उद्या तिथली मास्तरकी. वर हेडमास्तर, त्याच्यावर इन्स्पेक्टर. गावात भाड्याची खोली मिळायची तीही जात विचारून. अशा माणसाने रात्री दिव्याखाली बसून आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या भिंती नाकारणारी कविता लिहायची आणि सकाळी शाळेत जाऊन व्याकरण शिकवायचं. याला भित्रेपणा म्हणायचं की जमेल तेवढं धाडस? मला दुसरं म्हणावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट. १८९३ हे साल 'तुतारी'चं, तसंच ते मुंबईच्या पहिल्या मोठ्या हिंदू-मुस्लिम दंगलीचंही. ऑगस्टमध्ये ती दंगल झाली. त्याच वर्षी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक रूपात आला. पुढच्या काही वर्षांत दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या झेंड्याखाली गोळा होत होती. त्या हवेत, १८९८ मध्ये, एक चित्पावन मास्तर लिहितो की मी कुठल्या एका पंथाचा नाही. मी मुसलमान वाचक म्हणून हे वाचतो तेव्हा मला त्यात माझ्यासाठी ठेवलेली जागा दिसते. ती जागा त्यांनी आपल्या घरात दिली असती का, त्यांच्या पंक्तीत माझ्या पणजोबांना पान मांडलं असतं का? बहुधा नाही. पण कवितेत ती जागा आहे, सव्वाशे वर्षांनी मी तिथे बसू शकतो, आणि मला कुणी उठवत नाही. लिहिणाऱ्यापेक्षा लिहिलेलं मोठं निघालं, तर त्याबद्दल मी तक्रार कशाला करू?

आणि बोलल्याप्रमाणे करणं एवढ्यानेही सगळं भागत नाही. याचं उदाहरण केशवसुतांच्या ओळखीतच आहे. नागपूरला असताना त्यांचा परिचय ना. वा. टिळकांशी झाला. टिळकही याच रत्नागिरी जिल्ह्याचे, करजगावचे. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला त्यांचं कौतुक. त्यांच्या मनात आलं ते त्यांनी करून दाखवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, जात सोडली, समाज सोडला. विचार आणि कृती यांत फट नाही. पण हे करताना पत्नी बरोबर नव्हती. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नातेवाइकांच्या आधाराने, लोकांच्या नजरा सोसत त्यांनी ती वर्षं काढली आणि काही वर्षांनी आपल्या मनाने नवऱ्याच्या वाटेवर गेल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा संताप आहे, न सांगता घर सोडून जाणं आहे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणं आहे. लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात आणि नवऱ्यावरचं प्रेम कुठे कमी होऊ देत नाहीत. पण वाचणाऱ्याला कळतं की टिळकांच्या खरेपणाचं बिल कुणाच्या हातात पडलं.

पन्नास वर्षांनी, १९८४ मध्ये आणखी एक पुस्तक आलं, मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. मलिका म्हणजे शाहीर अमर शेखांची मुलगी. बार्शीचे मेहबूब पटेल अमर शेख झाले आणि त्यांचा पहाडी आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव पोहोचला. आपल्या समाजाने विसरू नये असा हा माणूस. त्यांच्या मुलीने नामदेव ढसाळांशी लग्न केलं. 'गोलपिठा'चा कवी, दलित पँथरचा संस्थापक. ज्या कवितेने तळातल्या बाईच्या वाट्याचा नरक मराठीला पहिल्यांदा दाखवला, त्या कवितेच्या घरात बाईच्या वाट्याला काय आलं हे मलिकाने लिहिलं. मारहाणीसकट लिहिलं. पुस्तकावर वादळ उठलं. ढसाळांची कविता त्यामुळे लहान झाली असं मी म्हणत नाही. ती आजही मराठीतली मोठी कविता आहे. पण ती वाचताना मलिकाचं पुस्तक माझ्या शेजारी उघडं असतं आणि ते मिटता येत नाही.

तिसरं पुस्तक मेहरुन्निसा दलवाई यांचं, 'मी भरून पावले आहे'. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्याचे. 'इंधन'चे लेखक, मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे संस्थापक. त्यांची बरीच मतं मला पटत नाहीत आणि हे वाचणाऱ्या अनेकांना तर मुळीच पटत नसतील. पण एक नोंद करायला हवी. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत निघाला, तेव्हा त्यांत दलवाईंच्या पत्नीही होत्या. बाहेरचं बोलणं आधी घरातून निघालं होतं. १९७७ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही धार्मिक विधी न करता दहन झालं आणि ते बघण्याचं, त्यासाठी बोलणी खाण्याचं काम पुन्हा पत्नीच्याच वाट्याला आलं. त्यांनी ते केलं, मंडळाचं कामही पुढे चालवलं, आणि पुस्तकाला नाव दिलं ते वर लिहिलंच आहे.

तीन बायका, तीन पुस्तकं. मराठीत लेखकाच्या सार्वजनिक चेहऱ्यामागचा माणूस आपल्याला कळला तो बऱ्याचदा असा, चुलीकडच्या बाजूने.

केशवसुतांच्या बाबतीत ती बाजू बंद आहे. त्यांची पत्नी रुक्मिणीबाई. मास्तर हुबळीत गेले आणि त्यांच्यामागे थोड्याच दिवसांत त्याही गेल्या. आठवणी सांगायला म्हातारपण मिळालं नाही. भाऊ मात्र लिहिणारे होते. मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं, सीताराम केशव दामले लेखक-पत्रकार झाले. आपट्यांनी कविता जपल्या, गोविंदाग्रजांनी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवून घेतलं. सगळे पुरुष, सगळे कवीबद्दल बोलणारे. भडगावच्या, फैजपूरच्या बिऱ्हाडात महिनाअखेर पीठ संपल्यावर 'नवा शिपाई' काय बोलायचा हे जिला ठाऊक होतं, ती गप्पच गेली. मालगुंडच्या त्या घरात मी स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी जरा जास्त वेळ थांबलो तो यामुळे.

इथवर आलो की मला माझा निकष सापडतो. लेखक आणि माणूस यांच्यातलं अंतर किती आहे हे मोजण्यापेक्षा, त्या अंतराची किंमत कोण चुकती करतं हे बघावं. केशवसुतांनी लिहिलं तेवढं ते जगले नसतील, पण त्या अंतराचा जाच त्यांचा त्यांनाच झालेला दिसतो. त्यांच्या अखेरच्या वर्षातली, १९०५ ची कविता आहे 'हरपले श्रेय'. जीवनात जे सर्वांत मोलाचं होतं ते हातून निसटलं, ते शोधत फिरणाऱ्या जिवाची ती तळमळ आहे. ज्याला आपण बोललो तसे झालो असं वाटतं, तो माणूस असं लिहीत नाही. आपल्यापेक्षा मोठं काही लिहिणं म्हणजे कर्ज काढणं. कर्ज काढणं हराम नाही. ते आपलं आहे हे विसरणं, किंवा ते दुसऱ्याला फेडायला लावणं, ही खोट.

आता मला माझ्या घरात यावं लागतं. नाहीतर हा लेखसुद्धा त्यातलाच होईल.

काही वर्षांपूर्वी मी मुलींच्या वारसा हक्कावर एक लेख लिहिला होता. कुरआनाने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा का होईना पण ठरवून दिला आहे. चौदाशे वर्षांपूर्वी जे अल्लाहने दिलं, ते आपण कोकणातले मुसलमान तहसील कचेरीत एका कागदावर परत काढून घेतो, असं मी त्यात लिहिलं होतं. लेख पुष्कळ फिरला. अनेकांनी फोन केले. एका निवृत्त शिक्षकांनी तर सांगितलं की तो वाचून आपण बहिणीला बोलावून घेतलं. मी खूश झालो.

त्या लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. त्याच्या दोनच वर्षं आधी अब्बांचा इंतकाल झाला होता. वारस नोंदीची वेळ आली, तेव्हा माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. जबरदस्ती कुणी केली नाही. गावात तसंच चालतं. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं, ही भीती प्रत्येक मुलीला लग्नाआधीपासून असते. सही करायच्या दिवशी घरी बिर्याणी झाली, बहिणींना साड्या झाल्या. फेरफार झाला, सातबाऱ्यावर आम्हा भावांची नावं चढली. थोडी भातजमीन आणि हापूसची काही कलमं. मी तिथे होतो. मला सूरा निसा ठाऊक होती. मी काही बोललो नाही.

लेख प्रसिद्ध झाल्यावर मोठ्या बहिणीचा फोन आला. आपा सातवीपर्यंत शिकलेली, पण माझं सगळं वाचते. म्हणाली, "तुझा लेख वाचला रे. चांगलं लिहिलंयस."

मी म्हटलं, "शुक्रिया आपा."

मग तिने मुलांची चौकशी केली, तिकडच्या पावसाचं विचारलं आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. तिला खरंच लेख चांगला वाटला होता. तो आपल्याबद्दलही आहे, हे तिच्या मनात आलं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही. दरवर्षी मे महिन्यात तिच्याकडे आंब्याची पेटी जाते. तिच्याच कलमांवरचे आंबे आम्ही तिला भेट म्हणून पाठवतो आणि ती ते शेजाऱ्यांना वाटते, माझ्या भावांनी पाठवले म्हणून कौतुकाने सांगते.

मालगुंडच्या घरात त्या मुलाने प्रश्न विचारला, तेव्हा मला ही आंब्याची पेटी आठवली.

कुणी म्हणेल, तुमचा लेख खोटा होता. मला तसं वाटत नाही. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. त्या निवृत्त शिक्षकांच्या बहिणीला त्याचा उपयोग झाला असेल तर तो उपयोग खरा आहे. पण मी कर्ज माझ्या नावावर काढलं आणि हप्ता आपा भरत होती, हेही तेवढंच खरं. आणि मी केशवसुत नाही. त्यांच्यापुढे इन्स्पेक्टर होता, जात होती, प्लेग होता. माझ्यापुढे फक्त संकोच होता, आणि थोडी भातजमीन.

घरी परतल्यावर मी धाकट्या भावाशी बोललो. तो आधी म्हणाला, "आता कशाला? त्यांनी राजीखुशीने दिलंय." मग बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, "भाई, तुम्ही वकिलाला विचारा." वकिलांनी सांगितलं की हक्कसोड नोंदवलेलं आहे, ते नुसतं म्हटल्याने पुसलं जात नाही, आता द्यायचं तर बक्षीसपत्र करून द्यावं लागेल. कागदपत्रं गोळा करतो आहे. तलाठी कार्यालयात दोन खेपा झाल्या, आणखी होतील. काम पूर्ण झालेलं नाही. पूर्ण होण्याआधीच ते इथे लिहिण्यात पुन्हा तीच खोड आहे हे मला कळतं. तरी लिहितो, कारण आता हे वाचणारे लोक मला विचारतील, काय झालं त्या कागदांचं? विचारावं.

आपाला अजून सांगितलेलं नाही. हा लेख ती वाचेल, त्याआधी तिला फोन करायचा आहे.